मालिका अर्धवट सोडली, आता मत कोणत्या तोंडाने द्यावे?

स. न. वि. वि.

मी ३६ वर्षांची असून नाशिकला एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. शाळेत असताना ‘हॅरी पॉटर’ने लावलेले फँटसी मालिकांचे वेड अजून सुटलेले नाही. आमच्या भागातल्या वाचनकट्ट्यावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकेकाने आपल्या वाचनाविषयी दहा मिनिटे बोलायचे असते. तीन महिन्यांपूर्वी माझी पाळी आली, तेव्हा मी माझी मते मोकळेपणाने मांडली. ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका फार संथ आहे आणि मी ती दहाव्या खंडात सोडून दिली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ थोर पुस्तक आहे, पण त्यातली गाणी मी ओलांडून पुढे जाते. जॉर्ज मार्टिन यांनी ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा २०११ नंतर पुढचा खंड न देऊन आम्हा वाचकांची फसवणूक केली आहे. आणि अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतला चौथा खंड, म्हणजे ‘तेहानू’, हाच तिच्यातला सर्वांत चांगला आहे. पहिले तीन मी कॉलेजात असताना वाचले होते. चौथा वाचला तेव्हा माझी मुलगी सहा महिन्यांची होती.

यावर कट्ट्यातला एक तरुण सभासद म्हणाला की पूर्ण न वाचता मत देणे हा लबाडपणा आहे, आणि ‘तेहानू’ने तर मालिकेचा सत्यानाश केला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘ताई, ही पोरांची पुस्तके. आता माणसांविषयी काही वाचा.’ मला राग आला. ज्यांना नुसती रडगाणी वाचायला आवडतात त्यांच्याशी बोलायचे तरी काय, असे म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून कट्ट्यावर कोणी काही विचारले की मी ‘छान आहे’ एवढेच म्हणते.

आता माझ्या बहिणीचा बारा वर्षांचा मुलगा विचारतो आहे, ‘मावशी, मी कोणती मालिका सुरू करू?’ आणि मला त्याला उत्तर देण्याचीसुद्धा भीती वाटते. माझी मते चुकीची आहेत का? ती मांडण्याचा मला अधिकार आहे का?

— एक अर्धवट वाचक

ता. क. : सासूबाई म्हणतात, ते दहा जाडजूड खंड रद्दीत द्या, कपाट मोकळे होईल. दहाव्या खंडात मी थांबले त्या पानावर अजून बसचे तिकीट आहे.

*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार मतांपैकी दोन मला पटतात, एक अर्धे पटते आणि एक मुळात पुस्तकाविषयीचे मतच नाही. परंतु माझ्या पटण्या न पटण्याला येथे फारशी किंमत नाही. काळजी वाटावी अशी गोष्ट तुमच्या पत्रात एकच आहे, ती म्हणजे गेले तीन महिने तुम्ही म्हणत असलेले ‘छान आहे’. जिने दहा मिनिटांत चार मालिकांविषयी चार स्वतंत्र गोष्टी सांगितल्या, तिने दोन माणसांच्या बोलण्याने बिचकून या दोन शब्दांमागे लपावे, याचे मला वाईट वाटले.

मत देणे म्हणजे निकाल देणे, अशी आपल्या मनाची एक समजूत झालेली असते आणि तुमच्या कट्ट्यावरच्या भांडणाचे मूळ मला तिच्यात दिसते. निकाल देणाऱ्याने सगळा खटला ऐकला पाहिजे हे खरे आहे. पण साक्षीदाराकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराला एवढेच विचारतात की तुम्ही कोठे उभे होता, किती अंतरावर होता, उजेड किती होता आणि तुम्हाला काय दिसले. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या वाचकाचे वाचन अर्धवट असले तरी ते मला उपयोगी पडते, आणि जो ती देत नाही त्याने चौदाच्या चौदा खंड मुखोद्गत केलेले असले तरी त्याच्या सांगण्यावरून मी खिशातले पैसे बाहेर काढणार नाही. तुमची चारही मते मी याच रीतीने तपासून पाहिली.

सुरुवात ‘द व्हील ऑफ टाइम’पासून करू. रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० साली सुरू केलेल्या या मालिकेत सुमारे ४४ लाख शब्द आहेत. तुम्ही हिशेब विभागात काम करता म्हणून शब्दांचाच हिशेब मांडतो : महाभारत साधारण १८ लाख शब्दांचे मानले जाते, म्हणजे दहा खंड वाचण्याच्या श्रमात तुमचे महाभारत एकदा संपूर्ण वाचून पुन्हा निम्म्यापर्यंत आले असते. एवढे वाचलेल्या व्यक्तीला ‘तुम्ही वाचलेलेच नाही’ असे सुनावणे मला हास्यास्पद वाटते. शिवाय तुम्ही ज्या ठिकाणी थांबलात तेथे थकून बसलेले वाचक पुष्कळ आहेत. २००३ साली आलेल्या या दहाव्या खंडातला बराच मोठा भाग, नवव्या खंडाच्या शेवटी जी प्रचंड घटना घडते तिच्याच सुमारास इतर पात्रे कोठे होती आणि काय करत होती, हे सांगण्यात खर्च होतो. त्या घटनेनंतर पुढे काय झाले हे जाणण्यासाठी वाचक उतावीळ झालेला असतो आणि कथा मात्र त्याला पुन्हा मागे नेऊन चहापाणी, प्रवास आणि वेशभूषा दाखवत बसते. तुमचा कंटाळा हा त्या रचनेला दिलेला रास्त प्रतिसाद होता.

तुमची चूक झाली ती दुसऱ्याच जागी. ‘मालिका फार संथ आहे’ असे तुम्ही म्हणालात. पण पहिले पाच-सहा खंड तुम्हाला संथ वाटले असते तर तुम्ही दहाव्यापर्यंत पोहोचलाच नसता. जे एका भागाला लागू होते ते तुम्ही संपूर्ण मालिकेला लावलेत. २००५ सालचा अकरावा खंड पुन्हा वेग घेतो. २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल या मालिकेच्या संपादकही होत्या. त्यांनी राहिलेले काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाच्या हाती सोपवले, आणि मागे राहिलेल्या टिपणांवरून जो एकच शेवटचा खंड व्हायचा होता त्याचे तीन होऊन अखेरचा २०१३ च्या जानेवारीत प्रकाशित झाला. यांतले काहीही तुम्ही पाहिलेले नाही. तेव्हा पुढच्या वेळी म्हणा, ‘आठव्या खंडापासून माझे लक्ष उडू लागले, दहाव्यात ते अमुक पानावर संपले, पुढचे मला माहीत नाही.’ हे वाक्य ऐकल्यावर त्या तरुणाने तुम्हाला लबाड म्हणून दाखवावे.

दुसऱ्याने पूर्ण केलेल्या कथेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण ज्या साहित्यप्रकाराला मराठीत ‘कादंबरी’ म्हणतो त्याला हे नाव ज्या ग्रंथावरून मिळाले, तो बाणभट्टाचा संस्कृत ग्रंथ सातव्या शतकातला. आणि तो बाणाच्या हातून अपुराच राहिला. त्यात राजसभेत येऊन बोलणारा पोपट आहे, शापांची साखळी आहे, एकाच जीवाचे एकापुढे एक जन्म आहेत आणि प्रियकर पुन्हा जिवंत होईल या आशेवर तपस्या करणारी महाश्वेता आहे. आजच्या दुकानात हे पुस्तक कोणत्या फळीवर ठेवले जाईल ते तुम्हीच ठरवा. बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने ते पूर्ण केले. आपल्या भागाच्या आरंभी तो म्हणतो की, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर ही कथाही थांबली. ती अपुरी राहिल्याचे दुःख सज्जनांना झालेले पाहून मी हे हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. पुढचा खंड येत नाही म्हणून वाचकांनी हळहळणे ही आजकालच्या मुलांची नाटके आहेत असे जर तुमच्या कट्ट्यावर कोणी म्हणालेच, तर त्यांना हा श्लोक काढून दाखवायला हरकत नाही.

यावरूनच मार्टिन यांच्याकडे वळतो. त्यांच्या मालिकेचे पाच खंड १९९६, १९९८, २०००, २००५ आणि २०११ या साली आले आणि सहाव्याची वाट तुम्ही अजून पाहत आहात. तुमचे दुःख खरे आहे. बाणाच्या मुलालाही असे दुःख दिसले होते. मात्र ‘फसवणूक’ हा शब्द मला जड वाटतो, कारण तुम्ही पाच पुस्तकांचे पैसे दिलेत आणि तुम्हाला पाच पुस्तके मिळाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पुस्तकाविषयीचे मतच नाही. ते लेखकाच्या वेगाविषयीचे आहे, आणि थोडेसे, रागावू नका, इतकी वर्षे वाट पाहत राहिलेल्या स्वतःविषयीचेही आहे. पुस्तकाविषयी तक्रारच करायची असेल तर त्यासाठी जागा आहे : चौथ्या आणि पाचव्या खंडांत लेखकाने काळाऐवजी पात्रांची आणि प्रदेशांची वाटणी केली, त्यामुळे तिसऱ्याच्या शेवटी ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता त्यांतले कित्येक जण चौथ्या खंडात भेटतच नाहीत. ही तक्रार पान उघडून दाखवता येते, तिच्यावर वाद घालता येतो, आणि तिच्याविरुद्ध बाजू घेणाराही काही सांगू शकतो. ‘फसवले’ या शब्दावर मात्र मान हलवण्यापलीकडे कोणी काय करणार? या पुस्तकांवरून केलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणीवरची मालिका २०१९ मध्ये ज्या रीतीने संपली तिच्याविषयीचा रागही पुष्कळ वाचक पुस्तकांच्या खात्यावर जमा करतात. तुमच्या नोंदींत ही दोन खाती एकमेकांत मिसळलेली नाहीत ना, तेवढे तपासा. (अपुरी मालिका हाती घ्यायची नाही असा नियम मी स्वतः दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो वर्षभरसुद्धा टिकला नाही, हे येथे कबूल करून ठेवतो.)

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली गाणी ओलांडल्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही, पोथीतले लांबलचक स्तोत्र पटकन उरकून कथेकडे वळणारे श्रोते आपल्या घराघरांत होते. फक्त १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेले हे पुस्तक लेखकाच्या मनात एकच होते आणि कागदाची महागाई व छपाईचा खर्च यांमुळे ते तोडावे लागले, एवढे लक्षात ठेवले तर मधल्या भागाचे अधांतरी सुरू होणे आणि अधांतरी थांबणे खटकणार नाही.

आता ‘तेहानू’. तुमच्या पत्रातला हा भाग मी तीन वेळा वाचला.

‘अर्थसी’चे पहिले तीन खंड १९६८, १९७१ आणि १९७२ या वर्षी आले आणि चौथा १९९० मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. पहिल्या तिन्हींत गेड हा जादूगार आहे. त्याची उमेद, त्याची घमेंड, त्याची सावली, त्याचे सामर्थ्य. चौथ्यात तो सगळी शक्ती गमावून ड्रॅगनच्या पाठीवरून गाँट बेटावर येतो तो जवळजवळ मेलेला, आणि बरा झाल्यावर त्याला लाज वाटते, लपावेसे वाटते, शेवटी तो शेळ्या राखायला जातो. कथा त्याची राहिलेली नसते, ती तेनारची झालेली असते. दुसऱ्या खंडात जी अंधाऱ्या थडग्यांची बालपुजारीण होती, ती आता एका शेतकऱ्याची विधवा आहे, तिची मुले मोठी होऊन बाहेर पडली आहेत, आणि माणसांनी छळ करून आगीत लोटलेली एक लहान मुलगी तिने आपल्या घरी आणली आहे. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात फक्त मुलगेच का शिकतात, बायकांची जादू हलकी आणि दुष्ट कोणी ठरवली, हे पहिल्या तीन खंडांत कोणाला विचारावेसेही वाटत नाही. बेटावरच्या म्हणींत ते जणू निसर्गनियमासारखे येऊन जाते. ज्या लेखिकेने ते जग रचले तिनेच अठरा वर्षांनी परत येऊन ते विचारले, आणि तेही चुलीपाशी, सूत कातताना, भाजलेल्या मुलीचे केस विंचरताना.

तुमच्या कट्ट्यावरच्या तरुणाला हे सारे रटाळ वाटले असेल तर तेही मी खरे मानतो. त्याने गेडच्या मागे समुद्र ओलांडले होते आणि चौथ्या खंडात त्याला शेळ्या मिळाल्या. त्याचा अपेक्षाभंग ही त्याची साक्ष आहे. ‘सत्यानाश’ हा मात्र निकाल आहे. पण ताई, ‘सर्वांत चांगला’ हासुद्धा निकालच होता! तुम्ही दोघे एकमेकांवर निकाल फेकत होतात आणि साक्ष दोघांनीही खिशात ठेवली होती. चौथा खंड वाचला तेव्हा तुमची मुलगी सहा महिन्यांची होती, हे तुम्ही मला पत्रात एका वाक्यात सांगितलेत. कट्ट्यावर सांगितले होतेत का? माझा अंदाज आहे की नाही. तुम्हाला ते खासगी वाटले असेल, किंवा पुस्तकाच्या चर्चेत घरचे कशाला, असे वाटले असेल. पण रात्री उशापाशी दिवा लावून, दर दोन तासांनी उठणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन जिने ते पुस्तक वाचले, तिला तेनारच्या जागरणात जे दिसले ते विशी न ओलांडलेल्या मुलाला दिसणे कठीण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय तुमचे ‘सर्वांत चांगला’ हे ऐकणाऱ्याच्या हाती रिकाम्या पाकिटासारखे जाते. उजेड किती होता, असे मी वर म्हणालो, ते हेच.

या मालिकेत आणखी एक गंमत आहे. ‘तेहानू’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे उपशीर्षक होते. २००१ मध्ये त्याच मालिकेची आणखी दोन पुस्तके आली. आपल्याच जगाविषयी लेखिकेचे मत दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा तिने ते छापून जाहीर केले. तेव्हा तुम्ही कॉलेजात वाचलेले पहिले तीन खंड आता पुन्हा वाचावेत, निदान दुसरा तरी, अशी माझी सूचना आहे. बालवयात तेनारची जी कोंडी झाली ती तुम्हाला आज वेगळी दिसेल, आणि कदाचित ‘सर्वांत चांगला’ कोणता याविषयी तुमचे मत डळमळेल. डळमळू द्या.

ज्येष्ठ सभासदांचे राहिले. ‘पोरांची पुस्तके’ हा आक्षेप जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनीच आहेत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ मधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानावरून पुढे केलेल्या निबंधात परीकथांची बाजू मांडताना म्हटले होते की, अशा वाचनाला पळपुटेपणा म्हणणारे लोक तुरुंगातून निसटणारा कैदी आणि रणातून पळणारा सैनिक यांच्यात गल्लत करतात. मला मात्र या बाबतीत आपल्या नारो सदाशिव रिसबूड यांची आठवण अधिक येते. १८५७ साली बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःस्थितीवर ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीला वास्तवाच्या वाटेवर उभे केले, पण पुढच्या काही वर्षांत वाचकांनी डोक्यावर घेतली ती ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारखी अद्भुत पुस्तके. त्यांपैकी ‘मंजुघोषा’ (१८६८) रिसबुडांची. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी अगदी निर्मळपणे सांगून टाकले आहे की, आपल्या लोकांच्या लग्नाच्या चाली आणि इतर अनेक कारणे यांमुळे आपल्या आयुष्यात मनोरंजक असे दुर्गुण नाहीत आणि सद्‌गुणही नाहीत. रोजच्या अनुभवाचे लिहावे तर त्यात कोणाचे मन रमणार नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. मला ही कबुली फार आवडते. तिच्यात अद्भुताचे समर्थन आहे, आणि ज्या समाजाचे रोजचे जगणे इतके बांधून टाकलेले होते त्याच्यावरची नकळत झालेली टीकाही आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने त्याच काळात अरबी भाषेतल्या ‘सुरस व चमत्कारिक’ गोष्टी मराठीत आणल्या, त्या काही केवळ पोरांसाठी नव्हत्या.

हा इतिहास त्या गृहस्थांच्या अंगावर फेकू नका. त्यांना नम्रपणे विचारा, ‘काका, तुम्ही लहानपणी अंथरुणात लपवून काय वाचत होता?’ त्यांच्या पिढीच्या माणसाकडून ‘वीरधवल’ या अद्भुत कादंबरीचे किंवा गो. ना. दातारांच्या एखाद्या कादंबरीचे नाव निघण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि ते निघाले की पुढची दहा मिनिटे तुम्हाला काही बोलावे लागणार नाही. मात्र त्याआधी तुम्ही स्वतःच्या पत्रातला एक शब्द मागे घ्यायला हवा, तो म्हणजे ‘रडगाणी’. त्यांनी तुमचे वाचन न वाचता पोरांचे ठरवले, तुम्ही त्यांचे न वाचता रडगाण्यांचे ठरवलेत. आणि तुम्हाला आवडलेल्या ‘तेहानू’मध्ये विधवेचे एकटेपण, गावकऱ्यांची कुजबुज आणि छळ झालेले लेकरू यांशिवाय दुसरे आहे काय? त्या गृहस्थांना फँटसीतले एकच पुस्तक द्यायचे असेल तर मी हेच देईन, आणि बदल्यात त्यांच्या आवडीचे एक मागून आणेन.

आता भाचा. बारा वर्षांचे मूल ‘कोणती मालिका सुरू करू’ असे विचारते तेव्हा त्याला तुमचे गुणपत्रक नको असते, हातात पुस्तक हवे असते. तुम्ही ज्या वयात ‘हॅरी पॉटर’ वाचलेत त्याच वयाचा तो आहे, आणि इंग्रजी जड जात असेल तर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे मराठीत आहेच. ‘परीस’ हा नेमका शब्द योजणाऱ्या अनुवादावर माझा लोभ आहे. त्याच्या जोडीला ‘अर्थसी’चा पहिला खंड ठेवा : तो आटोपशीर आहे आणि त्याची कथा त्याच खंडात पूर्ण होते, त्यामुळे पुढे जायचे की नाही हे ठरवायला मूल मोकळे राहते. चौदा खंडांची किंवा अपुरी राहिलेली मालिका या वयात मी तरी हाती देणार नाही, आणि मार्टिन यांची पुस्तके मोठ्यांसाठी आहेत. ‘नार्निया’ मागितले तर द्या, पण कोणत्या क्रमाने वाचावे या वादात त्याला ओढू नका. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने हेच विचारले तेव्हा खुद्द तिचे लेखक सी. एस. लुईस यांनी कथेतल्या काळाच्या क्रमाकडे कल दाखवला आणि लगेच, क्रमाला बहुधा फारसे महत्त्व नसावे, असेही लिहिले.

आठवड्याने तो भेटला की ‘आवडले का?’ असे मात्र विचारू नका, कारण त्या प्रश्नाला उत्तर एकच येते आणि ते तुम्हीच गेले तीन महिने देत आहात. ‘कुठपर्यंत आलास?’ असे विचारा. ‘कोणाचा राग आला?’ असे विचारा. तो म्हणाला की मी चाळिसाव्या पानावर सोडले, तर चाळिसाव्या पानावर काय आहे ते दोघे मिळून पाहा. त्याची मते तुमच्या मतांच्या विरुद्ध गेली तर बोलायला विषय मिळेल. आणि ‘तेहानू’ त्याला आवडले नाही तर ते त्याने विसाव्या आणि पुन्हा पस्तिसाव्या वर्षी वाचावे म्हणून कपाटात ठेवून द्या.

राहता राहिले दहा खंड आणि सासूबाई. कपाट मोकळे करण्याची त्यांची मागणी योग्य आहे, पण रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने काय मिळणार? शेवटच्या रविवारी ते दहाही खंड रिक्षात घालून कट्ट्यावर न्या आणि तेथल्या कपाटात ठेवण्याची परवानगी मागा. त्या तरुणाने मालिका पूर्ण केली असेल तर अकरा ते चौदा त्याच्याकडे असतील. ते त्याने शेजारी आणून ठेवावेत, असे त्याला सुचवा. दहाव्या खंडातले बसचे तिकीट काढू नका. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने तारीख आणि ‘येथे थांबले’ एवढे लिहा; पुढे कोणी वाचक तेथपर्यंत पोहोचला तर तो खाली आपली तारीख लिहील.